इंजिनरूममधल्या तिघांचा फोटो

शनिवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. माजी नौसैनिकांच्या सभागृहामागे एक खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले पंखे ठेवत. आता ती डार्करूम आहे. तांबड्या दिव्याखाली चीफ एका निगेटिव्हचा चौथा प्रिंट काढत होते. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा जुना गुळगुळीत डाग. निगेटिव्ह मोठं करून दाखवणाऱ्या एन्लार्जरचा उजेड कागदावर पडला की ते उजव्या तळव्याची सावली कागदाच्या मधोमध हलकेच फिरवत, ओठ न हलवता आकडे मोजत आणि दिवा बंद करत. पहिले तीन प्रिंट त्यांनी फाडून टाकले होते. एकात वरचे पाइप फार काळे आले होते, दुसऱ्यात काळे पुरेसे आले नव्हते, आणि तिसऱ्यात काय चुकलं होतं ते त्यांनाच दिसलं होतं.

इतक्या सकाळी येण्याचं कारण समोरचा रस्ता. सात वाजले की मालाचे ट्रक सुरू होतात, जमीन थरथरते, तिच्याबरोबर एन्लार्जर थरथरतो आणि प्रिंट केसभर हलतो. इतर कुणाच्या लक्षात येत नाही. चीफच्या येतं.

गंमत अशी की जो प्रिंट ते एवढ्या निगुतीने काढत होते, तो भिंतीवर लागू नये असं त्यांना स्वतःला मनापासून वाटत होतं. अकरा वाजता फोटोग्राफी क्लबचं मतदान होतं. एकाच प्रसंगाचे दोन फोटो दोरीवर लटकणार होते. त्यातला एक निवडून सभागृहाच्या मुख्य भिंतीवर कायमचा लावायचा होता. चीफना हवा असलेला फोटो केव्हाच तयार होऊन वाळला होता. हा दुसरा. म्हणजे विरोधी पक्षाचं काम ते स्वतःच्या हाताने करत होते.

त्या मुख्य भिंतीवर आधीपासून एक मोठा फोटो आहे. पन्नासेक वर्षांपूर्वीचा. एका वाफेच्या युद्धनौकेच्या पुढच्या डेकवर खलाशी रांगेने उभे, काही बसलेले, दोघे-तिघे तोफेवर चढलेले, मधोमध खुर्च्यांवर अधिकारी. खाली पितळी पट्टीवर लिहिलंय: जहाजावरील सर्व कर्मचारी. सभागृहात येणारी कुटुंबं त्या फोटोपुढे थांबतात, बोट फिरवत आपला माणूस शोधतात, सापडला की हसतात.

चीफ त्या जहाजावर होते आणि त्या फोटोत नाहीत.

त्या दिवशी जहाज नांगर टाकून उभं होतं. पण वाफेचं जहाज उभं असलं तरी त्याचा बॉयलर विझवून चालत नाही. तो पुन्हा पेटवून वाफ धरायला बराच वेळ जातो. त्यामुळे फोटोसाठी सगळे वर गेले तेव्हा इंजिनरूममधली ड्यूटी खालीच राहिली. सात माणसं. फोटोग्राफर किनाऱ्यावरून आला होता आणि त्याला परतीची बोट गाठायची होती. तुमचा वेगळा काढू, असं एका अधिकाऱ्याने खाली येऊन सांगितलं. तो वेगळा फोटो निघाला नाही. पुढे त्या अधिकाऱ्याची बदली झाली, आणि विषय संपला.

चीफनी त्याची तक्रार कधी केली नाही. फक्त सभागृहात पाहुणे आले आणि कुणी विचारलं की तुम्ही यात कुठे, की ते जहाजाच्या धुराड्याकडे बोट दाखवत. धुराड्यातून धुराची एक बारीक, स्वच्छ, करडी रेघ निघालेली दिसते. "तो धूर आमचा," ते म्हणत. धूर काळा नाही, हे ते आवर्जून दाखवत. काळा धूर म्हणजे खाली कुणीतरी झोपलंय.

त्याच फोटोत तिसऱ्या रांगेत एक सडपातळ पोरगा दात काढून हसतोय. ते सुकाणू. तेव्हा जहाजाच्या पुलावर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या वरच्या खोलीत, चाक धरून उभे राहायचे, म्हणून हे नाव. आता वजन नव्वदच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. चीफ आणि सुकाणू एकाच दिवशी भरती झाले, एकाच गल्लीत राहिले, एकमेकांच्या लग्नात दोघांनी जेवायला वाढलं. पन्नास वर्षं सुकाणूंचा एकच विनोद होता: फोटोत नाही म्हणजे तू जहाजावर नव्हतासच, आम्ही वारा लागेल तसे गेलो. चीफचंही उत्तर ठरलेलं होतं. तू चाक फिरवत होतास, पण जहाज हलत होतं ते कुणामुळे?

निवृत्तीनंतर चीफ एका इस्पितळात बॉयलर सांभाळायला लागले. तिथल्या एका डॉक्टरने जुना कॅमेरा टाकून द्यायला काढला होता, तो यांनी मागून घेतला. पहिला रोल धुतला तेव्हा सगळेच फोटो हललेले निघाले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. चोवीस वर्षं थरथरत्या लोखंडावर उभं राहून त्यांच्या अंगाला सतत किंचित डोलत राहायची सवय लागली होती. स्थिर जमीन त्यांच्या पायांना पटत नव्हती. मग ते घरातल्या गॅलरीत उभं राहून, हातात भरलेला पेला धरून, पाणी न हलवता श्वास सोडायला शिकले. बायकोला वाटलं, यांनी योगासनं सुरू केली.

म्हणून क्लबमध्ये चीफचा शेरा एका शब्दाचा असतो. दोरीवरच्या फोटोजवळ जायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, नाक कागदाला टेकेल इतकं वाकायचं आणि म्हणायचं, "हललाय." त्यावर अपील नाही. चीफच्या स्वतःच्या फोटोंत समुद्र कुठेच नाही. कपड्यांना इस्त्री करणारे, लिफ्ट दुरुस्त करणारे, चाव्या बनवणारे, असे हात कामात असलेले लोक असतात. नौदलातला माणूस आणि समुद्राचा एकही फोटो नाही, असं कुणी म्हटलं तर ते खरं कारण सांगतात. "समुद्र मी फारसा पाहिलेला नाही."

क्लबात नऊ जण आहेत. जवळपास निम्मे माजी नौसैनिक, बाकीचे नुसतेच हौशी. सभागृहाने मागची खोली दिली, त्या बदल्यात सभागृहाचे कार्यक्रम क्लब टिपतो. क्लबच्या प्रमुख एक निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात, त्यांच्याहून मोठेसुद्धा. त्यांच्याखालोखाल वजन डॉक्टरांचं. हे दातांचे डॉक्टर. दवाखाना सुनेकडे सोपवून आता पक्ष्यांच्या मागे असतात.

ही सगळी हकिकत सुरू झाली ती जहाज भंगारात निघाल्याची बातमी आली तेव्हा. ते दूरच्या एका धक्क्याला आणून बांधलं होतं आणि महिनाभरात कापायला घेणार होते. बातमी सुकाणूंनीच आणली. त्या शनिवारी चहा झाल्यावर डॉक्टरांनी एक तोड सुचवली. त्यांच्या ओळखीचा एक माणूस कॉम्प्युटरवर काम करतो. चीफचा तरुणपणीचा एखादा फोटो मिळाला तर तो जुन्या फोटोत दुसऱ्या रांगेच्या टोकाला असा बसवून देईल, की कुणाला शंका येणार नाही. डॉक्टरांचा हेतू चांगला होता. चीफनी कप खाली ठेवला.

"जिथे मी नव्हतो तिथे मला चिकटवू नका," ते म्हणाले. "मी जिथे होतो ती जागा अजून आहे. तिथे चला."

महिनाभर परवानगीसाठी खेटे घालण्यात गेला. जहाज कापणाऱ्या ठेकेदाराने अखेर एक दुपार दिली, दोन ते पाच. सातांपैकी तिघे उरले होते: चीफ, आणि त्यांच्या हाताखालचे दोघे. एकाला सगळे बॉयलर म्हणत; ते पाण्याच्या पंपावर असत आणि दिवसभरात चार वाक्यं बोलत. दुसरे वायरमन, ज्यांच्याकडे विजेचा स्विचबोर्ड होता आणि जे उरलेली सगळी वाक्यं बोलत. दोघेही क्लबात नव्हते. दोघेही बसने आले, इस्त्रीचे कपडे घालून.

जहाजावर वीज नव्हती. इंजिनरूम तीन मजले खाली, उभ्या लोखंडी शिड्यांनी उतरून. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही इतका काळोख. मोठे दिवे खाली नेणं शक्य नव्हतं. पण अंधारात फोटो काढायची एक रीत हौशी लोकांना माहीत असते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, शटर उघडून तसंच ठेवायचं आणि काळे कपडे घातलेल्या एका माणसाने टॉर्च घेऊन फिरत एकेका वस्तूवर थोडा थोडा उजेड टाकायचा. जिथे उजेड पडतो तेवढंच फिल्मवर उमटतं. टॉर्चवाला स्वतः अंधारात असल्यामुळे दिसत नाही. टॉर्च डॉक्टरांकडे दिला. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात नेमका उजेड टाकण्याची त्यांना सवय होती. कॅमेरा चीफचा, पण शटर बाईंच्या हाती. चीफ त्या दिवशी फोटो काढणार नव्हते. काढून घेणार होते.

सुकाणूंच्या गुडघ्यांना त्या शिड्या झेपण्यासारख्या नव्हत्या. त्यांना वर पुलावर बसायला सांगितलं. कशाला हात लावू नकोस, असं चीफनी दोनदा बजावलं.

पुलावर आणि इंजिनरूममध्ये एक जुनं यंत्र जोडीने असतं. खलाशी त्याला टेलिग्राफ म्हणतात. वर पितळी तबकडी आणि दांडी, खाली तशीच तबकडी. वरून दांडी फिरवली की खालचा काटा फिरतो आणि घंटा वाजते: हळू पुढे, पूर्ण वेगाने मागे, थांबा. खालच्या माणसाने आपली दांडी त्याच खुणेवर नेली की वरचा काटा फिरून उत्तर पोचतं. सगळा कारभार साखळीचा आणि तारांचा. त्याला वीज लागत नाही.

तिघे आपापल्या जागी उभे राहिले. चीफ वाफेच्या मोठ्या चाकापाशी, बॉयलर पंपापाशी, वायरमन स्विचबोर्डला पाठ लावून. तोंडं कॅमेऱ्याकडे. वायरमनना बाईंनी दोनदा गप्प केलं. मग शटर उघडलं. डॉक्टरांनी आधी पाइप उजळले, मग लोखंडी जाळीची जमीन, मग टॉर्च चीफच्या चेहऱ्यावर आणला.

त्याच क्षणी घंटा वाजली.

त्या बंद लोखंडी खोलीत तो आवाज कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते. पण ज्यांनी दचकायचं ते दचकलेच नाहीत. चीफ वळले, टेलिग्राफची दांडी पकडून खुणेवर नेली आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. ते चाक कित्येक वर्षांपूर्वी गंजून जाम झालेलं. त्यावर त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. बॉयलर पंपाच्या तबकडीवर वाकले आणि बोटाने काचेवर टकटक केलं. वायरमन बोलायचं विसरून स्विचबोर्डकडे फिरले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कुणी काही विचारलं नाही. समोर यंत्र मेलेलं आहे, जहाज दोरखंडांनी बांधलेलं आहे, उद्या-परवा त्याचे तुकडे होणार आहेत, हे तिघांनाही ठाऊक होतं. हातांना ते कळवायचं राहून गेलं.

आणि डॉक्टर? डॉक्टरांना वाटलं, हेच ठरलं असावं, आपल्याला सांगायचं राहिलं. त्यांनी उजेड टाकण्याचं काम चालू ठेवलं. आधी चीफच्या पाठीवर आणि चाकावरच्या हातांवर, मग बॉयलरांवर, मग वायरमनवर. बाईंनी ठरल्याप्रमाणे शटर मिटलं. तेवढ्यात भिंतीवरच्या बोलनळीतून, जिच्यातून पूर्वी पुलावरचे हुकूम खाली यायचे, सुकाणूंचा आवाज आला.

"खाली कुणी आहे का?"

चीफनी नळीत तोंड घालून जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

मग दुसरा फोटो काढला. या वेळी वायरमनना वर पाठवून सुकाणूंच्या शेजारी बसवायचं ठरत होतं, पण मग फोटोत दोघेच उरले असते. घंटेत रुमाल कोंबून भागवलं. दुसरा फोटो घड्याळाच्या काट्यासारखा बिनचूक निघाला. तिघांचे चेहरे, हातांच्या शिरा, मागच्या तबकड्यांवरचे आकडे, सगळं लख्ख. पाचला दहा मिनिटं असताना ठेकेदाराच्या माणसाने वरून हाक मारली.

घरी रोल धुतल्यावर चीफनी पहिल्या निगेटिव्हवर भिंग धरलं. त्यात त्यांना दोन डोकी होती. घंटा वाजायच्या आधी टॉर्चच्या उजेडात आलेला एक चेहरा कॅमेऱ्याकडे बघतोय. वळल्यानंतरचं दुसरं डोकं टेलिग्राफकडे. मधे मानेच्या जागी धूसर पट्टा. बाकी दोघे कॅमेऱ्याकडे पाठ करून कामात. चीफनी ते निगेटिव्ह कापून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याचा प्रिंट काढला.

सुकाणूंशी त्यांनी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे काय, शनिवारी दोघे त्याच बाकावर बसत, फक्त मधे डॉक्टरांना बसवत. डॉक्टर, याला सांगा साखर पुढे कर. डॉक्टर, त्यांना सांगा साखर त्यांच्याच हाताशी आहे. तीन शनिवार असे गेले. डॉक्टर म्हणाले, दाढ काढताना माणसं इतकं ओरडत नाहीत जेवढं हे दोघे गप्प बसतात.

क्लबचा एक नियम आहे. कुठल्याही निगेटिव्हचा प्रिंट दोन सभासदांनी मागितला, तर तो काढावा लागतो. बाईंनी आणि डॉक्टरांनी पहिल्याचा मागितला. म्हणून चीफ शनिवारी पहाटे डार्करूममध्ये उभे होते.

साडेसहाला बाई आल्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. चौथा प्रिंट ट्रेमध्ये तरंगत होता. त्यांनी तो वाकून पाहिला आणि मध्यममार्ग काढला. कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या चेहऱ्यावर एन्लार्जरचा उजेड थोडा जास्त पडू दिला, तर तो काळ्यात विरून जाईल. मागे फक्त काम करणारा माणूस राहील. दोन डोक्यांची भानगडच मिटेल. हे तंत्र क्लबात सगळेच वापरतात, चीफही वापरतात.

चीफनी चिमट्याने प्रिंट उचलून निथळत धरला.

"हा चेहरा माझा आहे," ते म्हणाले. "तोही माझा आहे. एक पुसायचा तर डॉक्टरांच्या माणसाकडून चिकटवून घ्यायला काय हरकत होती?"

"पण मग हा निवडून आला तर?"

"नाही येणार. हललाय."

"तरी चार प्रिंट काढलेत तुम्ही."

"वाईट काढला असता तर म्हणाला असतात, मुद्दाम पाडला."

अकराला सगळे जमले. बॉयलर आणि वायरमनही आले होते. त्यांना मत नव्हतं, पण फोटो त्यांचाही होता. चीफच्या पत्नीही आल्या. सभागृहात दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर दोन्ही प्रिंट लटकत होते. क्लबचं मतदान कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी होतं. प्रत्येकाला एक चिमटा. जो फोटो पसंत त्याच्या खालच्या कडेला लावायचा. क्रम नौदलातून आलेला. आधी सगळ्यात धाकट्याने, शेवटी सगळ्यात ज्येष्ठाने, म्हणजे मोठ्यांकडे बघून कुणी मत ठरवू नये. शेवटचा चिमटा चीफचा, त्याच्या आधीचा सुकाणूंचा. दोघांच्या वयात चार महिन्यांचं अंतर आहे.

सुरुवातीला चर्चा होते. एकजण म्हणाला, भिंतीवर लागणाऱ्या फोटोत माणसं ओळखू यायला हवीत. उद्या नातवंडं आली तर पाठी दाखवायच्या का? हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, लख्ख फोटो त्यांनी शंभर वेळा पाहिलाय, लोकांच्या ओळखपत्रावर. वायरमन बराच वेळ बोलले. सारांश असा की दोन्हींत ते चांगले दिसतात. मग बाईंनी बॉयलरांना विचारलं. ते खुर्चीतून उठले नाहीत.

"त्या फोटोत आम्ही फोटो काढून घेतोय," ते म्हणाले. "ह्यात ड्यूटीवर आहोत."

दिवसाच्या चारपैकी दोन वाक्यं खर्ची पडली होती.

चिमटे लागायला सुरुवात झाली. सात लागले तेव्हा बिघडलेल्या फोटोला चार होते, लख्ख फोटोला तीन. सुकाणू काठी टेकत पुढे गेले. ज्या फोटोचं वाटोळं त्यांनी केलं होतं त्यालाच ते मत देतील, आणि वर विनोद करतील, अशी सगळ्यांची खात्री होती. त्यांनी चिमटा लख्ख फोटोला लावला आणि परत येऊन बसले. चार-चार.

चीफ उठले. हातात चिमटा. दोरीपर्यंत गेले आणि तिथूनच मागे वळून, डॉक्टरांना मधे न घालता, बोलले.

"तू त्याला का लावलास?"

"तुला तो हवाय म्हणून."

"तुला सांगितलं होतं मी?"

"नाही सांगितलंस. पण तुझा फोटो बिघडवला मी. पन्नास वर्षांनी एकदा निघत होता, तोही." सुकाणूंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं होतं, साखळी तुटलेली असेल. दांडी नुसती हातात फिरेल. फिरवली 'हळू पुढे'वर. आणि हात काढायच्या आत काटा आला."

"कुठला काटा?"

"उत्तराचा. तुझा. पूर्वी यायचा तसाच. मी दांडीवर हात ठेवलेलाच होता आणि खालून उत्तर आलं. मी म्हटलं, हे कसं झालं, खाली म्हातारे फोटोला उभे आहेत. म्हणून तर नळीतून विचारलं, खाली कुणी आहे का. थट्टा नव्हती ती."

"हे तू आधी का नाही बोललास?"

"तू बोलत होतास का माझ्याशी? डॉक्टरांना सांगायला हवं होतं का, यांना सांगा, यांचा काटा आला?"

डॉक्टर म्हणाले, ते निरोप पोचवायला तयार होते.

चीफ दोरीकडे वळले. चष्मा कपाळावर चढवला आणि बिघडलेल्या फोटोवर वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकले. इंजिनरूममधल्या माणसाला आपलं उत्तर वर पोचलेलं दिसत नाही. त्याने दांडी फिरवायची आणि पोचलं असं धरून चालायचं. चोवीस वर्षं ते तसंच धरून चालले होते. आता ज्याच्याकडे ते उत्तर जात होतं तो माणूस पाच पावलांवर बसून सांगत होता की वेळेत आलं.

"हललाय," चीफ म्हणाले. आणि चिमटा त्याच फोटोला लावला.

पाच-चार. बॉयलरांनी फक्त मान हलवली. सुकाणू आपल्या चिमट्याकडे बघत होते.

"म्हणजे मी उगाच तिकडे लावला."

"तुला कुठे काय लावायचं ते कधीच कळलं नाही," चीफ म्हणाले. "जहाज किनाऱ्याला लावायचं तेही नाही."

बोलणं सुरू झालं होतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

फोटो लावायचं काम चीफनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. चौकट तयार होती. त्यांनी स्वतः खिळे मारले आणि वर पाण्याची लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत चौकट खालीवर केली. फोटोतला माणूस हलला असेल, चौकट हलणार नाही. खाली पट्टी लावायची होती. त्यावर सातही जणांची नावं आहेत. जे चार आता नाहीत त्यांच्या नावापुढे तसं लिहावं का, असं बाईंनी विचारलं. ड्यूटीच्या पाटीवर असं लिहीत नाहीत, चीफ म्हणाले. नावांच्या वर एकच ओळ आहे: हे खाली होते.

चीफच्या पत्नींनी जवळ जाऊन फोटो नीट पाहिला. वायरमननी त्यांना विचारलं, वहिनी, दोन डोक्यांचे चीफ कसे वाटले?

"एक तोंड आमच्याकडे, एक कामाकडे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून असंच आहे. फक्त आमच्याकडचं एवढं स्पष्ट पहिल्यांदाच दिसलं."

चीफ हसले. मग मागे सरकून, हात पाठीशी बांधून, दोन्ही फोटो एकत्र बघत उभे राहिले. वर डेकवरची रांगेतली माणसं, खाली अंधारातली तीन. वायरमन बसच्या वेळा सांगत होते. सुकाणू कुणाला तरी समजावत होते की घंटा वाजवायलाही अंदाज लागतो, आधी वाजवली असती तर एकच डोकं आलं असतं. चीफनी ते ऐकलं आणि तिकडे पाहिलं नाही, पण छाती किंचित पुढे आली होती आणि ती तशीच राहिली.

नवा फोटो दारातून शिरल्यावर डाव्या हाताच्या मुख्य भिंतीवर, जुन्या फोटोच्या बरोबर खाली आहे. सभागृह रविवारी सकाळी नऊला उघडतं आणि एकला बंद होतं. उद्या दार उघडायची ड्यूटी सुकाणूंची आहे.